नांगर आणि दोर यांची निवड नदी पाहून व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की गोदाकाठच्या गावांसाठी होड्या घेण्याची चर्चा दरवर्षी सुरू होते. होडी किती फुटांची असावी, फायबरची असावी की पत्र्याची, इंजिन किती अश्वशक्तीचे असावे, लाइफ जॅकेट किती लागतील, यावर ग्रामसभेत आणि तालुक्याच्या बैठकीत तासन्‌तास बोलणे होते. मात्र ती होडी भर पाण्यात एका जागी उभी कशी राहणार आणि वेळ आली तर त्या जागेवरून क्षणात सुटणार कशी, हा प्रश्न इतक्या वर्षांत कुणी विचारलेला मी ऐकला नाही. खरेदीच्या यादीत अगदी शेवटी ‘नांगर १, दोर १’ एवढी नोंद असते आणि पुरवठादाराच्या हाताला जे लागेल ते होडीसोबत येते. या एका ओळीकडे होणारे दुर्लक्ष माणसाच्या जिवावर बेतू शकते, हे मी स्वतः पाहिले आहे, म्हणून हे पत्र.

मी गंगाखेड तालुक्यातील गोदाकाठचा रहिवासी. जन्म भोई समाजाच्या घरातला, नोकरी शाळेतली. आता निवृत्त आहे. वडील आणि चुलते यांच्यासोबत लहानपणापासून होडीत बसलो. आमच्याकडे गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीत, गंगाच म्हणतात, आणि ‘नांगर’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी शेत येते. जुने नावाडी ‘लंगर’ म्हणत, पण नांदेडकडे गेले की त्या शब्दाला गुरुद्वाराच्या पंगतीचा अर्थ आहे. ज्या वस्तूला आमच्या भागात स्वतःचे असे एक ठरलेले नावही राहिले नाही, तिची पारख राहिली नसेल तर त्यात नवल नाही. मोठ्या पाण्यावर ये-जा करणारे नावाडी एकेका पिढीने कमी होत गेले, पूल झाले, आणि नांगराचे ज्ञान त्यांच्यासोबत गेले. आता होड्या परत येत आहेत, पण ते ज्ञान त्यांच्याबरोबर परत आलेले नाही.

विषय माझ्या डोक्यात पुन्हा घोळू लागला तो पुतण्यामुळे. मासे धरण्यासाठी आणि हिवाळ्यात पक्षी पाहायला येणाऱ्यांना नेण्यासाठी त्याने अमेरिकेतील ड्रिफ्ट बोटीच्या धर्तीवर एक होडी बनवून घेतली. ड्रिफ्ट बोट म्हणजे प्रवाहाबरोबर वाहत जाणारी, सपाट बुडाची आणि दोन्ही टोके वर उचललेली होडी. ओरेगन राज्यातील मॅकेंझी आणि रोग या डोंगरी नद्यांवर मासे धरणाऱ्यांसाठी ती विसाव्या शतकात घडत गेली. वल्हवणारा माणूस उताराकडे तोंड करून बसतो आणि प्रवाहाच्या उलट वल्ही ओढून होडीचा वेग आवरतो, म्हणजे पुढचा खडक त्याला आधी दिसतो. बूड सपाट असल्यामुळे वीतभर पाण्यातूनही ती सरकते. उन्हाळ्याआधीच्या गंगेसारख्या उथळ आणि रुंद पात्राला ही बांधणी मला मनापासून पटली. पण नांगर मागवला तेव्हा एका शहरातील दुकानदाराने घडी होणारा, चार नखांचा, समुद्रावर वापरतात तसा नांगर पाठवला, आणि त्याबरोबर बाजारात किलोवर मिळणारा हिरवा प्लास्टिकचा दोर. पुतण्या म्हणाला, “काका, दोर मजबूत आहे, ट्रॅक्टर ओढतो.” दोर मजबूत होता हे खरेच. पण नुसत्या मजबुतीने दोराची निवड होत नाही, हे समजावून सांगायला मला त्याला विहिरीचे पाणी बैलांनी ओढून काढायच्या मोटेची आठवण द्यावी लागली. मोटेला नाडा वेगळा आणि सोल वेगळा असे. भरल्या मोटेचे वजन उचलणारा जाड नाडा आणि सोंड सांभाळणारा बारीक सोल यांची अदलाबदल कुणी शेतकरी करत नसे, कारण दोघांची कामे निराळी होती.

नांगराचा विचार करताना आधी पाण्याची ओढ समजून घ्यावी लागते. वाहते पाणी होडीला जेवढ्या जोराने ढकलते तो जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते आणि तिप्पट झाला की नऊपट. मराठवाड्यातील गोदावरीच्या बाबतीत हा हिशेब फार महत्त्वाचा आहे, कारण आता ती सलग वाहणारी नदी राहिलेली नाही. पैठणच्या खाली आपेगाव, हिरडपुरी, ढालेगाव, मुदगल, दिग्रस, विष्णुपुरी आणि थेट बाभळीपर्यंत बंधाऱ्यांची रांग आहे. बंधाऱ्यामागचे पाणी तळ्यासारखे निवांत असते, आणि वरचे दरवाजे उघडले की तेच पाणी, आकाशात ढगाचा ठिपकाही नसताना, धावू लागते. सकाळी ज्या नांगराने होडी आरामात धरली होती तोच दुपारी घसरू लागतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे घसरत नाही आणि होडीला खाली ओढतो.

ही दुसरी गोष्ट मी अनुभवली आहे. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. भाद्रपदाचे दिवस होते, चुलते आणि मी जाळे लावायला गेलो होतो. नांगर म्हणून लोखंडी आकडा होता आणि त्याचा दोर होडीच्या मधल्या आडव्या फळीला निरगाठीने बांधलेला होता, कारण बसल्या जागेवरून हाताला ती फळी सोयीची पडे. वरून पाणी सोडल्याचे आम्हाला कळले ते पाण्याचा रंग बदलल्यावर. आधी काडीकचरा आला, मग फेस आला, आणि बघता बघता धार आली. दोर मधल्या फळीवरून काठाबाहेर गेलेला असल्यामुळे होडी प्रवाहाला आडवी झाली. वरच्या बाजूचा काठ दोराने खाली ओढला गेला आणि त्या काठावरून पाणी आत येऊ लागले. पाणी चढत होते, दोराची लांबी तेवढीच होती, त्यामुळे काठ आणखी खाली जात होता. मी गाठ सोडायला गेलो. ओला नायलॉनचा दोर ओढीखाली असा आवळला होता की गाठीत नखही शिरेना. चुलते ओरडले, “आरं, गाठ काय सोडतूस, दोर तोड!” होडीत गवत कापायचा विळा होता, तो त्यांनीच घेतला आणि दोन घावांत दोर तोडला. होडी सरळ झाली, अर्धी पाण्याने भरलेली, आणि आम्ही पाऊण मैल खाली बाभळींच्या रांगेला लागलो.

पुढच्या वैशाखात पात्र उघडे पडले तेव्हा तो आकडा सापडला. काळ्या खडकाच्या भेगेत त्याची दोन नखे मुठीसारखी घट्ट बसली होती आणि ती काढायला पहार लागली. कडीपासून हातभर अंतरावर दोर खडकावर घासून अर्धा झिजला होता. त्याच दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. पहिली अशी की नखांचा आकडा आमच्या खडकाळ तळाला चालत नाही, कारण तो धरतो पण सोडत नाही. दुसरी अशी की नांगराजवळचा पहिला हात-दोन हात भाग कधीही नुसत्या दोराचा असू नये, तिथे साखळी हवी.

ड्रिफ्ट बोट वापरणाऱ्या अमेरिकी नावाड्यांनी याच कारणाने नखांचा नांगर टाळला आणि वजनाचा नांगर स्वीकारला. तिथे १६ फुटांच्या होडीला साधारण ३० पौंडांचा, म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास वजनाचा, पिरॅमिडच्या आकाराचा शिशाचा नांगर लावतात. तो तळाला रुतून बसत नाही. आपल्या वजनाने आणि कडांनी गोट्यांत अडतो, आणि होडी वर नेऊन सरळ उचलला की सुटतो. काही जण शिशाऐवजी जाड साखळीच्या तुकड्यांचा झुबका वापरतात, तो खडकांच्या फटींत त्याहूनही कमी अडकतो. माझे मत या साखळीच्या झुबक्याकडे झुकते. शिसे विषारी आहे. ज्या जायकवाडीतून छत्रपती संभाजीनगर पाणी पिते आणि ज्या विष्णुपुरीतून नांदेड पिते, त्या पाण्यात खडकावर घासणारे शिसे रोज टाकणे मला योग्य वाटत नाही. जुन्या साखळीचे बारा-पंधरा किलोचे तुकडे एका मजबूत कडीत ओवून कुठल्याही तालुक्याच्या गावी वेल्डिंगवाल्याकडून असा नांगर एका दुपारी तयार होतो.

आमच्याकडे सर्रास दगड बांधतात, किंवा सिमेंटच्या पोत्यात वाळू भरून ते पोते सोडतात. दगडाचे वजन काठावर जोखले जाते, पण काम त्याला पाण्यात करायचे असते, आणि पाण्यात प्रत्येक वस्तू आपल्या आकारमानाएवढ्या पाण्याचे वजन गमावते. वीस किलोचा आपला काळा दगड पाण्याखाली जेमतेम तेरा किलो भरतो. वीस किलोचा काँक्रीटचा ठोकळा बारा किलोही भरत नाही. तेच वीस किलो लोखंड पाण्यात सव्वासतरा किलोच्या वर राहते आणि शिसे अठरा किलोच्या वर. म्हणजे दगड उचलून नावाड्याची कंबर वीस किलोची शिक्षा भोगते आणि होडीला लाभ तेरा किलोचाच होतो. शिवाय गोटा गोल असला तर वाळूवर तो गडगडत जातो. वाळूच्या पोत्याचे तर विचारूच नये, ते पहिल्याच खडकावर फाटते आणि होडी सुटल्याचे रिकामे पोते वर ओढल्यावर कळते.

तरीही एकच नांगर सगळीकडे चालेल असे मी म्हणणार नाही. आमच्या पात्रात एका मैलात तीन तऱ्हेचे तळ आहेत. खडकाचा पाट, वाळू, आणि बंधाऱ्यामागे साचलेला गाळ. त्यात बेसुमार वाळूउपशाने पडलेले खड्डे आहेत, जिथे गुडघाभर पाण्यातून एकदम दोन पुरुष पाणी लागते आणि मोजून सोडलेला दोर अपुरा पडतो. जायकवाडीच्या फुगवट्यात आणि बंधाऱ्यांच्या काठाने बुडालेल्या बाभळींची खोडे उभी आहेत. गाळात आणि वाळूत नुसते वजन घसरते, तिथे रुतणारा, पात्यांचा नांगर लागतो. ज्यांना नखांचा आकडा वापरावाच लागतो त्यांनी एक जुनी युक्ती जरूर करावी. साखळी आकड्याच्या वरच्या कडीला पक्की न बांधता त्याच्या बुडाशी, जिथून नखे फुटतात तिथे बांधावी, आणि दांड्यावरून वर आणून कडीला फक्त सुतळीच्या दोन-तीन वेढ्यांनी अडकवावी. नेहमीच्या ओढीत सुतळी टिकते. आकडा खडकात बसला तर जोराने हिसका दिल्यावर सुतळी तुटते, ओढ बुडाकडून लागते आणि आकडा आल्या वाटेने उलटा निघतो. पाच रुपयांच्या सुतळीवर हे काम भागते.

आता दोर. पूर्वी आमच्याकडे अंबाडीच्या वाखाचा सोल असे. तो हाताला चांगला, गाठ धरणारा, पण ओला राहिला की आतून कुजणारा. आज बाजारात मुख्यतः तीन तऱ्हेचे कृत्रिम दोर मिळतात आणि दुकानात तिन्हींना सरसकट ‘नायलॉन’ म्हणतात, घोटाळा इथेच होतो. खरा नायलॉन पाण्यात बुडतो, ओढ आली की चांगला ताणतो आणि धक्का गिळतो, पण पाणी शोषतो. ओला असताना त्याची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते, आणि जुना झाला की काठीसारखा ताठ होतो. पॉलिएस्टरचा दोरही बुडतो, पण पाणी जवळजवळ शोषत नाही, फारसा ताणत नाही आणि उन्हाला बराच काळ दाद देत नाही. तिसरा पॉलिप्रॉपिलिनचा, तोच तो हिरवा-निळा-पिवळा, किलोवर मिळणारा. हा पाण्याहून हलका, म्हणून तरंगतो, स्वस्तही आहे, पण आमच्या उन्हात एक-दोन उन्हाळे उघड्यावर राहिला की त्याचे तंतू भुरभुरू लागतात. असा दोर मुठीतून ओढून पाहावा. तळहातावर कुसळांसारखे तुकडे राहिले तर तो दोर होडीवरून उतरवावा आणि कडब्याच्या पेंढ्या बांधायला द्यावा.

ड्रिफ्ट बोटीसारख्या होडीवर दोर कप्पीवरून दिवसातून पन्नास वेळा वर-खाली होतो. तिथे माझी निवड विणीच्या पॉलिएस्टर दोराची आहे. तीन पेडांचा पिळाचा दोर कप्पीवरून सतत धावला की पीळ उसवतो किंवा त्याला आढी पडते, आणि नेमकी ती आढी कप्पीत अडकते. विणीचा दोर सरळ वाहतो. जाडी १२ मिलिमीटर असावी. यावर कुणी म्हणेल की एवढ्याशा नांगराला एवढा जाड दोर कशाला, ८ मिलिमीटरचा पुरेल. तुटण्याच्या हिशेबाने पुरेल, हे मान्य आहे, कारण १२ मिलिमीटरचा चांगला नायलॉनचा दोर सुमारे तीन टनांपर्यंत तुटत नाही आणि आपल्याला तेवढी ताकद कधीच लागत नाही. पण दोर ओढायचा असतो ओल्या, थंड हातांनी, आणि बारीक दोर तळहात कापतो. जाडी हाताच्या पकडीसाठी हवी आहे. गाठीचाही विचार हवा. साधी गाठ दोराची ताकद एक तृतीयांश ते निम्म्याने कमी करते. म्हणून साखळीशी दोर जोडताना, पिळाचा असेल तर पेड उलगडून एकमेकांत गुंफावेत आणि डोळा करून त्यात खाच असलेली लोखंडी कडी बसवावी, म्हणजे साखळी दोराला घासत नाही. नाडा वळणाऱ्या जुन्या माणसांना हे काम येत असे, अजूनही एखाद्या गावात तसा म्हातारा सापडतो. त्याच्याकडून दोन पोरांनी ते शिकून घ्यावे.

लांबीबद्दल सर्वांत जास्त चूक होते. नांगर तळाला टेकला म्हणजे झाले, असे नाही. दोर जितका उभा तितका तो नांगराला वर उचलतो, जितका तिरपा तितका नांगर तळाला दाबून राहतो. वाहत्या पाण्यात खोलीच्या निदान तिप्पट आणि वारा-लाटा असतील तर पाच ते सात पट दोर सोडावा लागतो. दोन पुरुष, म्हणजे साडेतीन मीटर पाणी धरले तर तिपटीने साडेदहा मीटर आणि सातपटीने साडेचोवीस मीटर दोर होतो. उथळ नदीत उतरणाऱ्या होडीला १५ मीटर भागेल, पण बंधाऱ्यामागे जाणाऱ्या होडीत ३० मीटरपेक्षा कमी दोर नसावा. नाथसागराची गोष्ट आणखी वेगळी आहे. पैठणच्या धरणामागचे ते पाणी मैलोगणती पसरलेले आहे, उन्हाळी वावटळीत तिथे समुद्रासारख्या लाटा उठतात. तिथे कप्पीवरचा छोटा वजनी नांगर घेऊन जाणे मी धोक्याचे मानतो. तिथे पात्यांचा नांगर, दोन मीटर साखळी आणि धक्का गिळणारा नायलॉनचा लांब दोर हवा.

नांगर बांधायचा कुठे, याचे उत्तर माझ्या चुलत्यांच्या होडीने दिलेच आहे. होडीच्या मधल्या अंगाला कधीही नाही. दोर नेहमी टोकावरून जावा. इथे एका गोष्टीचा खुलासा करणे भाग आहे, कारण ड्रिफ्ट बोटीची छायाचित्रे पाहून काही तरुण मागच्या टोकाला नांगर लावू लागले आहेत. ड्रिफ्ट बोटीचे प्रवाहाकडे राहणारे ते मागचे टोक वर उचललेले असते, ते पाण्याची धार दुभंगते, म्हणून तिथला नांगर तिला मानवतो. आपल्या गावांना मिळणाऱ्या फायबरच्या होडीची मागची बाजू सपाट फळीसारखी असते आणि इंजिनाच्या वजनाने ती आधीच खाली बसलेली असते. तिला मागून नांगरले की प्रवाह त्या सपाट फळीवर आदळून थेट आत येतो. तिचा नांगर पुढच्या टोकालाच हवा.

आणि दोर होडीशी निरगाठीने बांधलेला नसावा. सुरगाठही मला अपुरी वाटते, कारण घाबरलेला हात चुकीचे टोक ओढतो. दोन शिंगांची खुंटी किंवा दात असलेला पकडीचा चाप होडीवर पक्का बसवावा, दोर त्यात आवळावा आणि एका झटक्यात मोकळा व्हावा. ड्रिफ्ट बोटीत हे काम पायाने दाबायच्या खटक्यावर होते, कारण नावाड्याचे दोन्ही हात वल्ह्यांवर असतात. दोराचे शेवटचे टोक होडीला बांधलेले नसावे. त्याला पाच लिटरची झाकण घट्ट लावलेली रिकामी कॅन बांधावी, म्हणजे संकटात सगळा दोर सोडून दिला तरी कॅन तरंगत राहते आणि पाणी उतरल्यावर नांगर परत मिळतो. कॅन वाटेत कप्पीत किंवा कडीत अडकणार नाही, एवढे मात्र पाहावे. चाकू किंवा विळा हाताशी, दोरीने अडकवून ठेवावा. आमचा विळा त्या दिवशी होडीत होता हा केवळ योगायोग होता, जनावरांना गवत आणायचे होते म्हणून तो होता.

नांगर उचलतानाही प्रवाहाशी झुंजू नये. आधी वल्हवत नांगराच्या वर जावे, दोर उभा करावा आणि मग उचलावा. नुसता दोर धरून धारेच्या उलट होडी ओढली तर टोक खाली दबते. जलपर्णीचे पुंजके वाहून येत असतील तर थांबूच नये. दोरावर त्यांचा ढीग चढतो आणि बघता बघता एका होडीची ओढ दोन होड्यांएवढी होते. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, सांडव्याकडे पाणी खेचले जाते तिथे, नांगराच्या भरवशावर उभे राहणे तर कुणीही करू नये.

पूर आला की पुण्याहून एनडीआरएफची (केंद्राच्या आपत्ती दलाची) किंवा धुळ्याहून एसडीआरएफची (राज्याच्या आपत्ती दलाची) तुकडी पोहोचेपर्यंत गावची होडीच पहिली पाण्यात जाते. २००६ च्या ऑगस्टमध्ये पैठणला आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यातील कितीतरी गावांत पाणी शिरले, तेव्हाचे प्रसंग वाचकांच्या स्मरणात असतील. झाडावर किंवा छतावर अडकलेल्या माणसापर्यंत जायचे तर पुष्कळदा होडी वरच्या बाजूला नांगरून दोर थोडा थोडा सैल सोडत खाली यावे लागते. इंजिन बंद पडले तर नांगराशिवाय दुसरा ब्रेक तिला नाही. अशा होडीत दोन दोर हवेत. एक नांगराचा, बुडणारा, म्हणजे तो सैल पडला तरी इंजिनाच्या पंख्यात जाणार नाही. दुसरा माणसाकडे फेकायचा, तरंगणारा, भडक रंगाचा, १५ ते २० मीटरचा, पिशवीत सैल भरून ठेवलेला. पॉलिप्रॉपिलिनचे खरे काम हे दुसरे आहे. पुन्हा नाडा वेगळा आणि सोल वेगळा.

म्हणून आपल्या दैनिकामार्फत संबंधितांना माझी विनंती आहे की होडीच्या मागणीपत्रातील ती शेवटची ओळ सविस्तर लिहिली जावी. नांगराचा प्रकार आणि किलोत वजन, साखळीची लांबी, दोर कशाचा, किती मिलिमीटरचा आणि किती मीटरचा, खुंटी होडीच्या कोणत्या टोकाला, हे सगळे त्यात यावे. आणि ते लिहिण्याआधी गावातील एखाद्या भोई किंवा कोळी माणसाला, इथला तळ कसा आहे, हे विचारले जावे. होडी ताब्यात घेताना इंजिन सुरू करून एक फेरी मारतात आणि सही करतात. त्याऐवजी ती मृगाआधी वाहत्या पाण्यात नांगरून पाहावी, आणि ज्याने ती होडी पूर्वी पाहिलेलीही नाही अशा एखाद्या गावकऱ्याला आत बसवून, डोळ्यांवर रुमाल बांधून, दोर मोकळा करायला सांगावे. दहा आकडे मोजून होईपर्यंत तो मोकळा झाला नाही तर होडी परत पाठवावी.

आपला नम्र,
गोदाकाठचा एक वाचक
ता. गंगाखेड, जि. परभणी